अक्का, तुझा फोटो मी छापू दिला न्हाई

अक्का, आधी बातमी सांगते, मग रडायचं ते रडते. काल तुझ्या मागं तुझं पुण्यानुमोदन झालं. मांडव ऐसपैस होता, भंतेजी वेळेवर आले, तुझ्या शाळेतले झाडून सगळे मास्तर आले, जवळा बाजारची अर्धी पेठ आली. वरणाला मीठ कमी पडलं. तू असतीस तर पहिल्या घासाला बोलली असतीस, लोकाच्या कार्यात खोट काढायची तुला भारी हौस. आन् मी माइकवर बोलले. व्हय, मीच. "सुमी म्हंजे घरात वाघीण, चारचौघात शेळी," असं तू जन्मभर म्हणत आलीस ना, तीच सुमी.

काय बोलले ते सांगते, पण आधी मधूदादाचं सांगावं लागंल.

आपला चुलतभाऊ कसा हाय ते तुला मी नव्यानं काय सांगू? आधी बियाणं विकलं, मग फवारणीची औषधं, आता हळदीच्या कॅप्सूल विकतो. तुझी राख सावडून आमी घरी आलो, पाय धुतले, तवर हा मोबाइल पुढं करून उभा. "सुमे, हे बघ." बघितलं तर तू. अंगणातल्या खुर्चीवर बसलेली, डोक्याला माझा हिरवा रुमाल, हातात दुधाचा पेला, वरच्या ओठाला पिवळी मिशी, आन् तोंड उघडं टाकून हसून राहिलेली. तुझा तसला फोटो दुसरा न्हाई. शाळेच्या सगळ्या फोटोत तू कुणाला तरी शिक्षा करायला निघाल्यासारखी दिसतीस.

"पत्रकावर टाकतो," मधूदादा म्हणला. "जवळा बाजारच्या मास्तरीणबाईनं हळदीच्या जोरावर कॅन्सर थोपवला. डॉक्टरांनी हात टेकले होते, हळदीनं वर्षं दिली. खाली लिहायचं, संशोधनानं सिद्ध. आन् हळद पुसेगावच्या सुमनबाईच्या वावरातली, म्हणून तुझं बी नाव. अक्काचं नाव गावोगाव जाईल, सुमे. मरून बी कामाला यील ती."

राहुल भिंतीला टेकून बसला होता. तुझं लेकरू ते, पुण्यात एवढा मोठा साहेब झाला, पण त्या दिवशी सगळं माझ्यावर सोपवून मोकळा झाला. म्हणला, "मावशी, तू म्हणशील तसं."

खरं सांगते अक्का, मला मोह झाला. तू हसून राहिलेली, हातात माझं दूध, दुधात माझी हळद. माझ्या वावरातल्या मातीनं माझ्या बहिणीला चार दिवस जास्त दिले, असं कुणी छापून देत असंल तर कोणती बहीण न्हाई म्हणंल? मी म्हणले, विचार करून सांगते. आन् तेव्हापास्नं तू माझ्या डोक्यात बसून एकच शब्द बोलून राहिली होतीस. कशावरून?

ह्या शब्दानं तू माझं बालपण नासवलं. आई म्हणायची मांजर आडवं गेलं, तू म्हणायचीस कशावरून वाईट? बाबा म्हणायचे पलीकडच्या आळीतला मास्तर शहाणा, तू म्हणायचीस कशावरून? मार खायचीस आन् रडता रडता परत तेच विचारायचीस. तू विज्ञान शिकवायला लागलीस तवा आई म्हणली होती, बरं झालं, आता कटकट लोकाच्या लेकरांना ऐकवायचा हिला पगार हाय.

तुझा रिपोर्ट आला ते दिवस हळद शिजवायचे होते. मी कढईपाशीच होते, राहुलचा फोन आला तशी उठले आन् हात न धुता गाडीत बसले. तुझ्या दारात आले तर कोपरापर्यंत पिवळी. संगं पिशवीभर हळकुंडं आन् मधूदादानं व्हॉट्सअॅपवर धाडलेला कागद. परदेशातल्या प्रयोगशाळेत हळदीनं कॅन्सरच्या पेशी मारल्या म्हणून त्यात लिहिलेलं. मी रडतच आले होते पण आतून आनंद बी होता, की औषध माझ्या घरातच हाय, दारातच हाय, वावरातच हाय! तू चष्मा पुसला, सगळा कागद वाचला.

"कशात मारल्या?"

"काचेच्या ताटलीत."

"सुमे, ताटलीत फिनेल टाकलं तरी पेशी मरतात. मग मी फिनेल पिऊ का?"

मला असा संताप आला! फिनेल आन् माझी हळद तू एका पंक्तीला बसवलीस. मी पिशवी तिथंच आपटली, म्हणले मर मग, आन् बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ज्या दिवशी तुला कॅन्सर निघाला त्या दिवशी मी तुला मर म्हणले. त्याची मला लाज वाटत न्हाई. आज परत तसं बोललीस तर परत म्हणीन. तू मागनं चहा घेऊन आलीस. आजारी तू आन् चहा मला.

ओट्यावर बसून तू मला समजावलंस, नेहमीच्या त्या मास्तरीच्या आवाजात. ताटलीतून फक्त सुरुवात होती. मग उंदरावर बघतात, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळ माणसांवर, आन् दर टप्प्याला कितीतरी औषधं गळून पडतात. "तुझी हळद चांगलीच हाय. पण ती ह्या वाटेवर कुठवर पोचली ते मधू सांगत न्हाई. तो सुरुवातीचं सांगतो आन् पोचल्यासारखा ढोल वाजवतो." मग म्हणलीस, "आन् एक बघ. आपल्या हळदीची कुणी तारीफ केली की आपल्या जिल्ह्यातलं माणूस डोळे झाकून मान डोलावतं. हाच कागद कुणी गाजरगवतावर लिहिला असता तर तू एवढी पळत आली असतीस का?"

मी म्हणले, "न्हाई."

"मग झालं. जे आपल्याला पाहिजे तेच कागदात निघालं, तर तो कागद दोनदा वाचावा."

तरी मी कुठं हार मानते. मी तुझ्यापुढं माझं वावर मांडलं. तुला आठवतं, मधूदादानं एका साली वाढीचं टॉनिक दिलं होतं? आमी कोणतं बी नवं औषध आलं की चार सऱ्या सोडून फवारतो, म्हंजे फवारलेलं आन् न फवारलेलं शेजारी शेजारी दिसतं. हे माझ्या सासऱ्यापासून चालत आलंय. त्या साली सगळं वावर हिरवंगार, छातीएवढं, मधूदादा फोटो काढून राहिला, आन् सोडलेल्या चार सऱ्या बी तेवढ्याच हिरव्या, तेवढ्याच उंच. पाऊसच चांगला होता त्या साली. टॉनिकाचं काहीच न्हाई. मी त्याला तिथंच झापलं होतं. हे मी तुला सांगितलं ते कशाला, तर मी काय अडाणी न्हाई, मला बी पारख हाय, हे दाखवायला. आन् तू तेच उचललंस.

"बराबर," म्हणलीस. "मग आता माझ्या अंगातल्या सोडलेल्या सऱ्या कुठं हाईत ते दाखव."

मला कळलं न्हाई.

"मी हळद खाल्ली आन् बरी झाले, तर हळदीनं झाले का ऑपरेशननं का आपोआप? मी हळद खाल्ली आन् मेले, तर हळदीनं मेले का? एका बाईच्या अंगावरून काहीच कळत न्हाई, सुमे. पुष्कळ बाया पाहिजेत, आन् त्यातल्या अर्ध्या सोडलेल्या."

नांदेडच्या डॉक्टरला बी तू सोडलं न्हाईस. मी बाजूच्या खुर्चीवर, जीव मुठीत धरून. त्यांनी केमोचं सांगितलं तशी तू सुरू. हे किती बायांवर बघितलं? कशाशी ताडून बघितलं? ज्या मधीच सोडून गेल्या त्या मोजल्या का? माझ्या वयाच्या होत्या का? बाहेर रांग लागलेली. डॉक्टर म्हणले, "बाई, तुमचा माझ्यावर विश्वास न्हाई का?" तू म्हणलीस, "तुमच्यावर हाय. पण औषध तुमी केलं न्हाई ना." ते हसले, खुर्ची पुढं ओढली आन् सगळं सांगितलं. किती जणींना फायदा, किती जणींना नुसतीच तकलीफ. मग तू माझ्याकडं बोट करून विचारलंस, हिच्या हळदीचं काय? ते म्हणले, भाजीत, दुधात खुशाल घ्या. कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क फार जास्त असतो, तो केमोसोबत काय करतो ते मला नक्की माहीत नाही, म्हणून नको.

परत येताना गाडीत मी फुगलेली. "त्याला तर माहीतच न्हाई म्हणला! असल्या डॉक्टरच्या हाती जीव देतीस?"

"म्हणूनच देते," तू म्हणलीस. "मधूला सगळं माहीत हाय. ह्याला काय माहीत न्हाई, ते ह्याला माहीत हाय."

अक्का, तुझ्या त्या वाक्यावर मी अजून पूर्ण राजी न्हाई, बरं का. तू एवढं तपासलंस, एवढं विचारलंस, केस गेले, नखं काळी पडली, तोंडात फोड आले तरी शाळेत गेलीस, आन् शेवटी काय झालं? मेलीसच की! सगळे बराबर प्रश्न विचारणारी बाई बी मरती, ह्याचा मला इतका राग आलाय की मांडवाचे बांबू उपटावे वाटत होते. शहाणपणाला काही तरी बक्षीस पाहिजे होतं. कुणी तरी तुला चार सालं वाढवून द्यायला पाहिजे होती.

तशी डॉक्टरच्या अंदाजापेक्षा तू जास्तच जगलीस. आन् इथंच घोळ झाला. गावात बोलबाला झाला, की सुमनच्या हळदीनं अक्का उभी राहिली. मी बी तुला म्हणले, "बघ, आता बोल!" तू अंथरुणात होतीस, तरी बोललीस. "डॉक्टरनं सांगितला तो मधला आकडा असतो. निम्म्या बाया त्याच्या अलीकडं जातात, निम्म्या पलीकडं. मी पलीकडच्यांतली. ज्या अलीकडं गेल्या त्यातल्या बी कितीतरी जणी हळदच खात असतील. पण मेलेली बाई पत्रकावर येत न्हाई, सुमे. पत्रकावर फक्त उरलेल्या येतात."

मी म्हणले, तुला कुणाचं चांगलं बघवतच न्हाई. तू म्हणलीस, व्हय.

आन् मग तो दुधाचा दिवस. तुला काही गिळवत नव्हतं. मी हळद घालून दूध केलं, म्हणले हे औषध न्हाई, माझी शपथ, नुसतं दूध हाय. तू पेला घेतलास. "औषध म्हणून दिलं असतंस तर ओतून दिलं असतं," म्हणलीस. "तुझ्या हातचं म्हणून पिते." आन् पिलीस. मग मी तुझी मिशी बघून हसले, तू माझं हसू बघून हसलीस, शेजारची रजियाआपा भिंतीवरून डोकावून हसली, आन् मधूदादा नेमका तवाच आलेला, त्यानं मोबाइल काढला. फोटो खरा हाय, अक्का. फोटोत एक बी गोष्ट खोटी न्हाई. खाली जे लिहायचं होतं ते खोटं होतं.

परवा मी तुझ्या स्वयंपाकघरात डबे आवरून राहिले होते, तर रजियाआपा आली. तुझ्या भिंतीला भिंत लावून एवढी सालं राहिली, तुझ्यासाठी ईदचा शीरखुर्मा काढून ठेवणारी. दार लोटलं आन् हळूच म्हणली, "सुमन, अक्का वो हल्दी की गोली कौनसी खाती थी?"

मी म्हणले, कोणतीच न्हाई. काहून?

तिनं माझा हात धरला आन् आपल्या छातीवर ठेवला. अक्का, गाठ. बोराएवढी, टणक. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईनं तिला कधीचं सांगितलं होतं, नांदेडला जाऊन सुई टाकून तपासून घ्या. ती गेली न्हाई. "मधूभाई बोले, सुई लगाई तो फैलता. अक्का को देखो बोले, हल्दी पे कितना जी गई. मेरे को सुई का बहुत डर है रे."

बोराएवढ्या गाठीवर माझा हात, आन् माझ्या डोक्यातला मोह तिथंच गळाला. पत्रक छापायच्या आधीच त्याचं काम सुरू झालं होतं. तुझं हसणं दाखवून तो रजियाआपाला घरी बसवून राहिला होता.

तर आता कालचं. त्रिसरण झालं, पंचशील झालं, तुझ्या फोटोला फुलं वाहिली, आन् आदरांजलीला लोक उठायला लागले. हेडमास्तर चांगलं बोलले, लांबलं जरा. मग मधूदादा उठला. तुझी लई तारीफ केली आन् हळूच गाडी वळवली. आपल्या मातीत केवढी ताकद, आपल्या अक्कानं जगाला दाखवून दिलं, हळदीच्या बळावर तिनं मरणाला... मी उठले. मला कुणी उठ म्हणलं न्हाई. माइक त्याच्या हातातून घ्यायला गेले, तर तो सोडेना. ओढला.

 आन् बोलले. जसं बोलले तसं सांगते.

"माझी अक्का माझ्या वावरातली हळद खायची. भाजीत खायची, दुधात प्यायची. अक्का कॅन्सरनं मेली. मधूदादा, छापायचं असंल तर हे छाप."

 एक लेकरू रडून राहिलं होतं, त्याच्या आईनं त्याला बाहेर नेलं.

"हळदीनं मेली असं बी मी म्हणत न्हाई. ती अंदाजापेक्षा जास्त जगली, ते कशानं ते मला ठाऊक न्हाई. ऑपरेशन झालं होतं, केमो झाली होती, नशीब बी असंल. वावरात मी चार सऱ्या सोडते म्हणून मला कळतं कशानं काय झालं. बहीण मला एकच होती. ज्या बाईला गाठ लागली असंल तिनं अक्काचं नाव घेऊन घरी बसू नये. अक्का घरी बसली नव्हती."

मधूदादा लाल झाला. "हळदीवर घर चालतं तुझं, आन् हळदीलाच शिव्या?"

"शिव्या न्हाई," मी म्हणले. "माझ्या हळदीसारखी पिवळी हळद जिल्ह्यात दाखव. पोटभर खा, अंगाला लाव, लेकीच्या लग्नात लाव. पण तिला खोट्या साक्षीला उभी करू नको."

"फोटो माझ्या मोबाइलमधला हाय!"

तवा राहुल उठला. आवाज चढवला न्हाई. "मामा, मोबाइल तुमचा असंल. आई माझी हाय. न्हाई म्हंजे न्हाई." तुझं पोरगं अगदी तुझ्यासारखं बोललं अक्का, मला तर वाटलं तूच उठलीस. मधूदादा न जेवता गेला. मीठ कमी होतं, फार काही गमावलं न्हाई त्यानं.

फोटो मी राहुलकरवी मागून घेतलाय. मोठा करून आमच्या पुसेगावच्या घरात लावणार हाय, पिवळ्या मिशीसकट. खाली काही लिहिणार न्हाई.

आन् तू जिंकलीस असं समजू नको. आपला तंटा मिटला न्हाई. मला अजून वाटतं, की केमो संपल्यावर तरी तू थोडी जास्त हळद घ्यायला पाहिजे होतीस. तू म्हणशील, कशावरून फरक पडला असता? मी म्हणीन, कशावरून पडला नसता? तू म्हणशील, आता खरा प्रश्न विचारलास, जा, पुष्कळ बाया गोळा कर. आन् मी म्हणीन, मला पुष्कळ बाया नको होत्या, मला तू पाहिजे होतीस. ह्याच्यावर तुझ्यापाशी बी उत्तर नव्हतं. म्हणून तर तू ते दूध पिलीस.

काल सगळे गेल्यावर मी आन् रजियाआपा सतरंजी गुंडाळून राहिलो होतो. तिनं आपणहून सांगितलं, "परसों चलते नांदेड. तू आएगी ना साथ में?" म्हणले, येते की. सुई टाकतील तवा हात धरून बसते. डॉक्टरला काय काय विचारायचं ते मी पाठ केलंय, तुझ्याकडून शिकलेलं. काय निघंल ते आता कुणाला ठाऊक. मला हुंदका आला तशी ती माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणली, "रो मत सुमन. अक्का ऊपर से देख रही तेरे को."

आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, "कशावरून?"

 आपानं सतरंजीचं टोक सोडलं आन् पोट धरून हसली. "या अल्लाह! एक गई, दूसरी तैयार!"

आपल्या बौद्ध धम्मात आत्मा मानत न्हाईत, अक्का. तू गेलीस म्हंजे गेलीस. वरून बघत न्हाईस, झाडात न्हाईस, ताऱ्यात न्हाईस, हे मला तूच शिकवलंस, बाबा गेले तवा. तरी सकाळपास्नं मी तुझ्याशी बोलून राहिले, आन् बोलताना तू ऐकून राहिलीस असंच मला वाटतंय. आता विचार, कशावरून? कशावरूनच न्हाई. जा, ही एक गोष्ट मी तपासून बघणार न्हाई.